तेलीमास्तरांचा पेला

परदेशी पाहुण्यांसमोर आपल्या देशाचं काही चांगलं सांगायची वेळ आली की माझ्याकडे एक हुकमी गोष्ट असायची. जगात ज्यू जिथं जिथं गेले तिथं तिथं त्यांचे हाल झाले. पण आमच्या कोकणच्या किनाऱ्याला लागलेले ज्यू शेकडो वर्षं इथं राहिले, मराठी बोलले, त्यांच्या बायका नऊवारी नेसल्या, आणि त्यांच्या केसालाही कुणी धक्का लावला नाही. गोव्यात पोर्तुगिजांच्या इन्क्विझिशननं छळ केला, पण ते काही आपलं राज्य नव्हतं. पाहुणे माना डोलवायचे. मलाही बरं वाटायचं. मी अष्टागरातली, म्हणजे अलिबागच्या आसपासच्या नारळी-पोफळीच्या पट्ट्यातली, त्यामुळे गोष्टीला घरच्या माहितीचं वजनही यायचं.

गोष्ट खोटी नाही. पण काही वर्षांपूर्वी गावचं घर विकायला काढलं, तेव्हा माळ्यावरच्या ट्रंकेत आजोबांच्या कागदांमध्ये १९६३ सालचं एक पत्र आणि त्याला आजोबांनी दिलेल्या उत्तराचा कच्चा खर्डा सापडला. तेव्हापासून ही गोष्ट सांगताना मी मध्येच अडखळते.

पत्र होतं इस्राएलमधल्या लोड गावाहून आलेलं. लिहिणारे आमचे जुने शेजारी. त्यांच्या वडिलांचा तेलाचा घाणा होता. तो विकून मुलानं शिक्षण घेतलं आणि तालुक्याच्या शाळेत गणित शिकवलं. पण आमच्या घरात त्यांना अखेरपर्यंत ‘तेलीमास्तर’च म्हणत. मी त्यांना पाहिलेलं नाही, माझ्या जन्माआधीच ते कुटुंब निघून गेलं होतं. मला माहीत होता तो त्यांचा पेला. पडवीतल्या कोनाड्यात एक पितळी पेला कायम पालथा घातलेला असे. लहानपणी मी एकदा त्यातून पाणी प्यायला गेले तेव्हा आजी ओरडली होती, “तो नको, तो तेलीमास्तरांचा.” मास्तर आले की आजी वरून पाणी ओतायची, ते प्यायचे, स्वतः पेला विसळायचे आणि पालथा घालून ठेवायचे. ते गेल्यावरही दहा-बारा वर्षं तो तिथंच होता. त्यात काही वावगं आहे असं ना आजीला वाटलं, ना बहुधा मास्तरांना. तेही आमच्याकडचं शिजवलेलं खात नसत, त्यांचे स्वतःचे विधिनिषेध होतेच. दोन्ही घरांचं उत्तम जमायचं.

पत्रातली मागणी साधी होती. मुलीचं लग्न ठरलंय, पण इथले रब्बी कागद मागताहेत. माझी आई आणि आईची आई आमच्याच समाजातल्या होत्या, घराण्यात कुणी परजातीत लग्न केलेलं नाही, कुणाचा काडीमोड झालेला नाही, असं गावातल्या जाणत्या माणसानं लिहून दिलं तर उपयोग होईल. आपण निवृत्त पोस्टमास्तर आहात, आपल्या सहीला मान आहे.

अलिबाग-पेणकडच्या वाचकांना ‘शनवार तेली’ हे शब्द नवे नसतील. इतरांसाठी थोडं सांगते. कोकणात तेल गाळणाऱ्यांमध्ये सोमवारी घाणा बंद ठेवणारे ते सोमवार तेली, सोमवार शंकराचा. आणि शनिवारी बंद ठेवणारे ते शनवार तेली. शनिवारच का, याची गावाला फिकीर नव्हती. शनीचा कोप असेल, त्यांचा काही कुळाचार असेल. गावाच्या हिशेबात एक जात होती, तिचा एक धंदा होता, एक सुट्टीचा वार होता आणि उतरंडीत एक पायरी होती, फारशी वरची नाही. एवढी माहिती गावाला पुरत होती.

ते स्वतःला बेने इस्राएल म्हणवीत, म्हणजे इस्राएलची लेकरं. ‘यहुदी’ हा शब्द ते सहसा वापरत नसत. त्यांची मूळकथा अशी की फार पूर्वी चौलच्या बंदराकडे येणारं एक गलबत नवगावजवळ फुटलं, सात पुरुष आणि सात बायका तेवढ्या वाचल्या. बाकीच्यांची प्रेतं किनाऱ्याला लागली ती नवगावातच पुरली, पुरुषांची एका जागी, बायकांची दुसऱ्या. त्या जागी त्यांचं जुनं कबरस्तान आहे. सामानाबरोबर धर्मग्रंथही बुडाले. (चित्पावनांच्या मूळकथेतही चौदा प्रेतं समुद्रकिनाऱ्याला लागतात. कोकणच्या समुद्राला चौदाचा आकडा का आवडतो कोण जाणे.) ग्रंथ नाहीत, पुरोहित नाही, इतर ज्यूंशी संपर्क नाही. उरलं ते एवढंच: शनिवारी काम नाही, मुलाची सुंता आठव्या दिवशी, खवले आणि पर असलेलाच मासा खायचा, काही सण-उपास, आणि ‘शेमा’ ही एक हिब्रू प्रार्थना. जन्मापासून मृत्यूपर्यंत प्रत्येक प्रसंगाला तीच म्हणत.

सणांची नावं ऐकली तर त्यांचं मूळ ओळखणं कठीण. ज्यू नववर्ष म्हणजे ‘नव्याचा सण’. प्रायश्चित्ताचा मोठा उपास, ज्या दिवशी घराचं दार लावून आत बसायचं, तो ‘दारफळणीचा सण’, आणि त्याच्या दुसऱ्या दिवशी ‘शिळा सण’. वसंतातला पुरिम हा ‘होळीचा सण’. जेरुसलेमचं मंदिर पाडलं गेलं त्याच्या शोकाचा उपास म्हणजे ‘बिरड्याचा रोजा’, कारण त्या वेळी जेवणात कडव्या वालाचं बिरडं. मंदिर पडल्याला एकोणीसशे वर्षं होऊन गेली होती, ते मुळात कुठं होतं हेही लोक विसरले असतील, पण श्रावणाच्या आसपास मोड आलेले वाल सोलत बसायचं तेवढं पक्कं राहिलं. नवस फेडायचा तर मलिदा: ताटात गूळ-खोबरं घातलेले पोहे, भोवती फळं, आणि एलियाहू हन्नबीचं नाव. हा बायबलमधला संदेष्टा अग्निरथातून स्वर्गाला गेला तो अलिबागजवळच्या खंडाळ्यावरून, अशी त्यांची श्रद्धा. तिथल्या खडकावरच्या खुणा या त्याच्या रथाच्या. तिथं आजही लोक नवस बोलतात, इस्राएलहून येऊन फेडतात.

नावंही तशीच. सॅम्युएलचा सामाजी, इझिकेलचा हसाजी, अब्राहमचा आबाजी, बेंजामिनचा बुन्नाजी. आडनावाला गावाचं नाव: किहीमचे किहीमकर, दिव्याचे दिवेकर, झिराडचे झिराडकर, तसेच पेणकर, रोहेकर, अष्टमकर, नवगावकर. बऱ्याच घरांत गोमांस वर्ज्य होतं, विधवेचा पुनर्विवाह वरच्या जातींप्रमाणेच कमीपणाचा मानत. यातलं किती ठरवून घेतलं आणि किती नकळत अंगी लागलं हे वेगळं काढता येत नाही. मला तर असा प्रश्न विचारणंच चुकीचं वाटतं. आमच्या घरातलं किती कुठून आलं ते तरी मला कुठं सांगता येतं?

त्यांची पहिली परीक्षा घेतली ती दावीद रहाबी यांनी. हे रहाबी कुणाच्या मते हजार वर्षांपूर्वीचे, कुणाच्या मते अठराव्या शतकातले, कोचीनच्या मोठ्या ज्यू व्यापारी घराण्यातले. कोकणात आले असताना शनिवार पाळणारे तेली पाहून त्यांना शंका आली. त्यांनी निरनिराळे मासे आणून बायकांपुढे टाकले आणि रांधायला सांगितलं. बायकांनी खवले-परवाले मासे एका बाजूला काढले आणि बाकीचे आम्ही खात नाही म्हणून दूर सारले. मी ही गोष्ट वाचताना डोळ्यांसमोर रावस आणि बोय एकीकडे, शिंगाळा आणि मुशी दुसरीकडे, असा ढीग आणते. रहाबींची खात्री पटली. मग त्यांनी झिराडकर, राजपूरकर आणि शापूरकर या घराण्यांतल्या तिघांना धर्मविधी शिकवून तयार केलं. त्यांना पुढं काजी म्हणू लागले.

त्यानंतरच्या सगळ्या परीक्षांपेक्षा मला ही बरी वाटते. इथं परीक्षकानं कागद मागितला नाही, आजीचं कुळ विचारलं नाही. माणसं रोज काय करतात तेवढं पाहिलं, आणि तेही स्वयंपाक करणाऱ्या बायकांना विचारून.

पुढे हा समाज मुंबईत आला, कंपनी सरकारच्या पलटणीत शिरला. त्यांतले सामाजी हसाजी दिवेकर म्हैसूरच्या लढाईत टिपू सुलतानाच्या कैदेत सापडले. आपण बेने इस्राएल आहोत असं सांगितल्यावर, कुराणात उल्लेख असलेली ही माणसं आहेत म्हणून टिपूच्या आईनं त्यांचे प्राण वाचवले, अशी आख्यायिका आहे. सुटून आल्यावर दिवेकरांनी १७९६ मध्ये मुंबईत सिनेगॉग बांधलं, ‘शाआर हारहामीम’, दयेचं द्वार. लोक त्याला ‘जुनी मशीद’ म्हणत. बेने इस्राएलही मराठीत सिनेगॉगला मशीदच म्हणायचे. जवळच्या रस्त्याला सॅम्युएल स्ट्रीट हे नाव पडलं ते दिवेकरांवरून, आणि मस्जिद बंदर हे स्टेशनचं नाव या मशिदीवरून आलं असंही सांगतात.

मग आले मिशनरी. अमेरिकन मराठी मिशन १८१३ पासून मुंबईत होतं, स्कॉटिश जॉन विल्सन १८२९ मध्ये आले. हरवलेल्या ज्यू टोळ्यांपैकी एक आपल्या दारात सापडली, याचा या मंडळींना कोण आनंद! विल्सननी १८३२ मध्ये बेने इस्राएलांसाठी मराठीतून हिब्रूचं व्याकरण छापलं. त्यांना अर्थातच ही माणसं ख्रिस्ती व्हायला हवी होती. फारसं कुणी झालं नाही. झालं ते उलटंच: मराठीतून बायबलचा जुना करार हाती आला, हिब्रू वाचता येऊ लागलं आणि आपण कोण हे त्यांना पुस्तकातून कळू लागलं. पुण्यात १८७४ मध्ये वल्हांडणाच्या सणाची पोथी, हगादा, हिब्रू आणि मराठीत सचित्र छापली गेली, तीही विठ्ठल सखाराम अग्निहोत्री यांच्या छापखान्यात. जुन्या युरोपीय हगादांतल्या चित्रांचं वळण तिच्यात आहे, पण बिनखमिराच्या भाकऱ्या करायला बसलेल्या बायका चक्क लुगडं नेसून जमिनीवर बसल्या आहेत. १८८० च्या सुमारास मुंबईत बेने इस्राएलांची कीर्तनं सुरू झाली: साकी, दिंडी, ओवी, पूर्वरंग-उत्तररंग सगळं जागच्या जागी, आख्यान मात्र मोशेचं, योसेफाचं.

अशा सुरेख मिश्रणाची उदाहरणं द्यायला लागले की मला थांबवत नाही, आणि माझी जुनी गोष्ट इथंच संपायची. आता त्यापुढचं.

बगदादहून आलेले व्यापारी ज्यू एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात मुंबईत स्थिरावले. डेव्हिड ससून हे त्यांतलं मोठं नाव. सुरुवातीला बगदादी आणि बेने इस्राएल एकाच सिनेगॉगमध्ये प्रार्थना करत, एकाच कबरस्तानात पुरले जात. १८३६ मध्ये ससून आणि इतर काही बगदादींनी सरकारला अर्ज केला की कबरस्तानात आमच्या आणि यांच्या थडग्यांमध्ये भिंत घालून द्यावी. सरकारनं ती घालून दिली नाही, पण मनातली भिंत पक्की झाली. बगदादींच्या सिनेगॉगमध्ये बेने इस्राएल दहा जणांच्या गणसंख्येत धरले जात नसत. रंगूनमध्ये तर हा वाद १९३० च्या दशकात कोर्टात गेला आणि निकाल बेने इस्राएलांच्या बाजूनं लागला. आक्षेप काय होता? यांचा वर्ण, यांचे रीतिरिवाज, आणि यांच्या आज्यांची खात्री नाही.

हे वाचून बेने इस्राएलांबद्दल कळवळा दाटून येतो, तोच पुढचं पान उलटतं. खुद्द बेने इस्राएलांमध्ये दोन गट होते: गोरे इस्राएल आणि काळे इस्राएल. गोरे म्हणजे त्या सात जोडप्यांचे शुद्ध वंशज, काळे म्हणजे ज्यांच्या कुळात कुणा पुरुषानं स्थानिक बाई केली त्यांचे. सोयरीक नाही, पंगत नाही, सिनेगॉगमध्येही मान निराळा. दोघं एकच शेमा म्हणत, एकच शनिवार पाळत. हायीम सॅम्युएल किहीमकर यांनी १८९७ मध्ये आपल्या समाजाचा इतिहास लिहिला. मुंबईतली १८७५ ची इस्राएली शाळा काढणारे तेच. पुस्तक छापून आलं चाळीस वर्षांनी, १९३७ मध्ये, तेल अवीवहून. गोऱ्या-काळ्यांचा भेद त्यांच्या लिखाणात आहे आणि तो त्यांना खटकत होता असं म्हणायला फारशी जागा नाही. बगदादींच्या वागण्यानं दुखावलेला हा सुधारक माणूस, तरीही.

मला याचं नवल वाटायचं, आता वाटत नाही. कोकणात राहायचं म्हणजे जात असायला हवी. आणि जात म्हणजे नुसतं वरच्यांनी तुम्हाला खाली ठेवणं नव्हे, तुमच्याही खाली कुणीतरी असणं. बेने इस्राएलांना इथं कुणी छळलं नाही कारण त्यांना कुणी परकं मानलं नाही. आणि परकं मानलं नाही कारण त्यांना एक पायरी नेमून दिली होती. ते त्या पायरीवर राहिले, आणि पाठोपाठ स्वतःची एक लहानशी पायरी त्यांनी खाली बांधली. आपण ज्याला सहिष्णुता म्हणतो ती पुष्कळदा अशी असते. पडवीपर्यंत या, पाणी प्या, पेला पालथा घालून जा. आमच्या चुलीत डोकावू नका, आम्ही तुमच्या देवघरात डोकावणार नाही. यात जीव वाचतो, ही काही लहान गोष्ट नव्हे. युरोपात काय झालं ते पाहिल्यावर तर मुळीच नव्हे. पण तेवढीच.

इस्राएल १९४८ मध्ये स्थापन झालं तेव्हा भारतात बेने इस्राएल वीसेक हजार होते. त्यांना इथून कुणी हाकललं नव्हतं. १९३७ मध्ये डॉ. एलिजा मोझेस राजपूरकर मुंबईचे महापौर झाले होते, महालक्ष्मीचा ई. मोझेस रोड त्यांच्याच नावाचा. तरीही लोक हळूहळू निघाले, कुणी श्रद्धेनं, कुणी नोकरीच्या आशेनं, कुणी भाऊ गेला म्हणून. तिथं गेल्यावर पहिल्यांदाच त्यांना कळलं की आपण ‘भारतीय’ आहोत. १९५१-५२ मध्ये काही कुटुंबांनी भेदभावाविरुद्ध तेल अवीवमध्ये ज्यू एजन्सीच्या दारात धरणं धरलं आणि आम्हाला परत पाठवा म्हणून हट्ट केला. शंभराहून जास्त लोक खरंच विमानानं परत आले. ही सत्याग्रहाची रीत ते इथूनच घेऊन गेले होते. गंमत म्हणजे त्यांतले बरेच पुढं पुन्हा इस्राएलला गेले.

खरी अडचण लग्नाची. इस्राएलमध्ये नोंदणी विवाह नाही, ज्यूंची लग्नं रब्बींच्याच हातात. काही रब्बी बेने इस्राएल वधूवरांची इतर ज्यूंशी लग्नं लावेनात. ऑक्टोबर १९६१ मध्ये मुख्य धर्मपीठानं सांगितलं की सरसकट मनाई करायला आधार नाही. पण फेब्रुवारी १९६२ मध्ये लग्न नोंदवणाऱ्या रब्बींसाठी सूचना निघाल्या: बेने इस्राएल अर्जदार असेल तर त्याच्या आईची, आजीची आणि जमेल तितक्या मागच्या पिढ्यांची चौकशी करा, परधर्मातलं कुणी आलंय का पाहा, आणि कुणाचा घटस्फोट होऊन शास्त्राबाहेर दुसरं लग्न झालंय का तेही पाहा. त्या वेळचे सेफार्दी मुख्य रब्बी होते इत्झाक निस्सीम, जन्मानं बगदादचे. १८३६ सालचा अर्ज त्यांना ठाऊक असण्याचं कारण नाही. पण प्रश्न तोच होता.

घटस्फोटाच्या आक्षेपाला बेने इस्राएलांकडे उत्तर होतं, आणि ते ऐकून मला हसावं की रडावं कळत नाही. आमच्यात घटस्फोट जवळजवळ होतच नाहीत, आणि विधवा सहसा पुन्हा लग्न करत नाहीत. म्हणजे शेजाऱ्यापाजाऱ्यांकडून उचललेली जी रूढी बाईच्या जिवावर उठलेली, तीच आता ज्यू असल्याचा पुरावा म्हणून कामी येत होती.

तर, हे सगळं चालू असताना आमच्या गावात लोडहून ते पत्र आलं.

आजोबांचा खर्डा दीड पानी आहे, खाडाखोड फार नाही. सुरुवातीला ते लिहितात की सदरहू घराणं तीन पिढ्या आमच्या पाहण्यात आहे. यांचा घाणा शनिवारी बंद असे. मुलग्यांची सुंता आठव्या दिवशी होई, त्या वेळी अलिबागहून काजी येत. बिनखवल्याचा मासा कोळीण दारात घेऊन आली तरी घेत नसत. इथपर्यंत रहाबींचीच परीक्षा. पुढं मुद्द्याचं वाक्य येतं, आणि त्याच्याखाली त्यांनी रेघ ओढली आहे: गावातील कोणत्याही अन्य जातीशी यांचा बेटीव्यवहार कधी झालेला नाही, व आम्हां कोणाचा यांच्याशी रोटीव्यवहारही नाही.

रेघ का ओढली ते उघड आहे. रब्बींना हवं होतं ते नेमकं हेच. आमच्या पडवीतला तो पेला हजारो मैलांवर त्या मुलीच्या लग्नाला उपयोगी पडणार होता. आजोबा भला माणूस, शेजाऱ्याचं काम व्हावं म्हणून त्यांनी होता तो सगळ्यात भक्कम पुरावा दिला. आपण काय लिहितोय याची त्यांना लाज वाटली असेल का? खर्ड्यातलं अक्षर तरी अगदी स्वच्छ, वळणदार आहे.

त्या एका पत्रानं काही झालं नसावं. १९६४ च्या उन्हाळ्यात बेने इस्राएल जेरुसलेममध्ये रस्त्यावर उतरले, मुक्काम ठोकून बसले. १७ ऑगस्ट १९६४ ला इस्राएलच्या संसदेचं खास अधिवेशन भरलं. बेने इस्राएल हे सर्वार्थानं ज्यू आहेत, त्यांच्यात आणि इतरांत काही फरक नाही, असं पंतप्रधान लेव्ही एश्कोल यांनी जाहीर केलं आणि धर्मपीठानं विषमतेची भावना दूर करावी असं सुनावलं. महिनाअखेर धर्मपीठ नमलं. सूचनांमधले ‘बेने इस्राएल’ हे शब्द गेले, ज्याच्या कुळाबद्दल शंका असेल अशा कुणालाही त्या लागू झाल्या. धर्मपीठानं चौकशी सोडली नाही, एका समाजाचं नाव तेवढं सोडलं. ट्रंकेत पत्रिकाही सापडली, हिब्रू आणि मराठीत छापलेली, १९६५ ची. आजोबांच्या नावाआधी ‘रा. रा.’ आहे.

शेवटचा परीक्षक आला तो प्रयोगशाळेतून. २००० नंतर बेने इस्राएलांच्या जनुकांचे अभ्यास झाले, त्यांतला मोठा २०१६ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात दिसलं की इतर ज्यू समाजांशी यांचं रक्ताचं नातं आहे, पण ते मुख्यतः पुरुषांच्या बाजूनं. आयांच्या बाजूचा वारसा बराचसा इथला, भारतीय. वर्तमानपत्रांनी पहिला अर्धा भाग मोठ्या अक्षरात छापला. मला दुसरा अर्धा जास्त बोलका वाटला. सात पुरुष वाचले असतील, पण बऱ्याचशा बायका नवगाव-किहीमच्याच असाव्यात. म्हणजे स्थानिक आजी हा जर काळ्या इस्राएलांचा दोष, तर तो सगळ्यांचाच. इतक्या पिढ्या ज्या गोष्टीवरून पंगत मोडली ती दोन्ही ताटांत सारखीच वाढलेली होती.

हे वाचल्यावर मी अलिबागच्या इस्राएल आळीत गेले. आळी आहे, मागेन अबोथ सिनेगॉग आहे, माणसं मात्र बोटांवर मोजण्याइतकी. महाराष्ट्र सरकारनं २०१६ मध्ये ज्यूंना अल्पसंख्याक दर्जा दिला, तोवर साऱ्या भारतात ते पाच हजारांच्या आत आले होते. इस्राएलमध्ये मात्र हजारो घरांत बिरडं शिजतं, तिथून ‘मायबोली’ नावाचं मराठी नियतकालिक निघतं. अलिबागचं नावही एका ‘अली’ नावाच्या बेने इस्राएल बागाईतदारावरून पडलं असं या आळीत सांगतात. मुसलमान सांगतात तो अली त्यांचा. भांडण मात्र कुणी करत नाही.

एका घरच्या आजींनी ओसरीवर बसवून घेतलं. ऐंशीच्या पुढच्या, लख्ख बोलणाऱ्या. मुलगा अश्दोदला, नातवंडं तिकडचीच. मी मलिदा, काजी, खंडाळा सगळं विचारलं, त्यांनी भरभरून सांगितलं. मग चाचरत गोऱ्या-काळ्यांचं काढलं. त्या क्षणभर थांबल्या, पदर सारखा केला. “ते आता कुणी पाळत नाही,” म्हणाल्या, आणि लगेच, हलक्या आवाजात, “आम्ही गोऱ्यांतले.”

मग त्यांनी मला माझं आडनाव विचारलं. सांगितलं. गाव विचारलं. सांगितलं. ‘-कर’वरून काही उमगेना, तेव्हा त्या पुढं वाकल्या. “म्हणजे कोणांपैकी तुम्ही?”

मी सांगितलं. त्यांनी मान हलवली, उठून आत गेल्या. भांड्यांचा आवाज आला. थोड्या वेळानं दारात येऊन थांबल्या, हातात कप घेऊन.

“आमच्याकडचा चालतो ना तुम्हाला?”